तारखांची कोरी चिठ्ठी : संशोधन अनुदान समितीला एका ग्रंथपालाचे खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
संशोधन अनुदान समिती

सप्रेम नमस्कार.

आपल्या समितीचे परिपत्रक ग्रंथालयाच्या फलकावर मीच लावले. ते माझे कामच आहे. लावून झाल्यावर दोन पावले मागे सरून पुन्हा वाचले आणि त्याच दुपारी रीतसर, वरिष्ठांमार्फत, एक निवेदन दिले. त्याची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. दीड महिना वाट पाहिली. आता सगळ्यांना वाचता यावे म्हणून हे पत्र.

ज्यांनी परिपत्रक पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पुढच्या वर्षापासून अनुदान फक्त समितीने ठरवलेल्या 'प्राधान्य क्षेत्रां'ना. प्रत्येक प्रस्तावात तीन वर्षांच्या आत होणारा उपयोग लिहिणे बंधनकारक. गुण द्यायचे ते शोधनिबंधांची संख्या आणि ते छापणाऱ्या नियतकालिकांचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यांतले लेख सरासरी किती वेळा उद्धृत होतात तो आकडा, पाहून. इतिहास, वर्गीकरणशास्त्र (सजीवांच्या जाती ओळखून लावण्याचे) आणि 'केवळ वर्णनात्मक' अभ्यास यांचे प्रस्ताव मागवलेच जाणार नाहीत. आणि शेवटच्या कलमात, जणू जाता जाता आठवले म्हणून, दहा वर्षांत मागणी न आलेले जुने खंड आणि नमुनासंग्रह निर्लेखित करून, म्हणजे नोंदीतून बाद करून, जागा मोकळी करावी.

मी संशोधक नाही. सव्वीस वर्षे संदर्भ विभागाच्या टेबलामागे बसते आहे, एवढाच माझा अधिकार. पण कुठल्याच विभागातून दिसत नाही अशी एक गोष्ट या टेबलावरून दिसते. कोण कोणाच्या कपाटाकडे जातो, ती. तुमच्या कागदावर विभागांच्या मध्ये रेघा आहेत. माझ्या मागणीचिठ्ठ्यांत त्या सापडत नाहीत.

आधी एक कबुली. सतरा वर्षांपूर्वी मी स्वतः एका जुन्या निसर्ग-अभ्यास नियतकालिकाचे एकेचाळीस खंड बाद केले. कारण तेच, तुमच्या परिपत्रकातले. मागणी नाही. प्रत्येक खंडाच्या शेवटी चिकटवलेली तारखांची चिठ्ठी कोरी होती. नऊ महिन्यांनी कीटकशास्त्राचा एक विद्यार्थी आला आणि म्हणाला, "मॅडम, ते हिरव्या बाइंडिंगचे खंड कुठे हलवले? मी दर शनिवारी इथेच बसून वाचायचो." माझ्या पोटात खड्डा पडला. ते खंड संदर्भासाठी होते, घरी न्यायची परवानगीच नव्हती, मग चिठ्ठीवर शिक्का बसणार कसा? मी वापर मोजत नव्हते, बाहेर नेणे मोजत होते. दाखल नोंदवहीत त्या एकेचाळीस क्रमांकांवर लाल शाईची रेघ आणि पुढे माझी सही अजून आहे. हे पत्र लिहिताना ते पान पुन्हा उघडून पाहिले.

आता हरकती.

पहिली आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी हरकत अशी की प्राधान्य क्षेत्र नावाची गोष्ट स्वतःच्या पायावर उभी राहत नाही. उदाहरण मुद्दाम तुमच्या बाजूचे घेते. १९६७ मध्ये चीनमध्ये मलेरियावर औषध शोधण्यासाठी एक गुप्त लष्करी प्रकल्प सुरू झाला. तारीख २३ मे, म्हणून नाव प्रकल्प ५२३. प्राधान्य म्हणाल तर याहून वरचे कुठले? युद्धात सैनिक मलेरियाने पडत होते आणि जुनी औषधे निकामी होऊ लागली होती. दोन वर्षांनी तू यूयू या औषधशास्त्रज्ञ बाईंकडे जबाबदारी आली. त्यांनी जुन्या ग्रंथांतून दोन हजारांच्या आसपास औषधांच्या कृती गोळा केल्या. चिंगहाव या वनस्पतीचा अर्क कधी लागू पडे, कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या गे हाँग या वैद्याच्या एका ओळीपाशी त्या थांबल्या. मूठभर चिंगहाव पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. उकळा असे तिथे म्हटलेलेच नाही. म्हणजे उष्णतेने औषध मरत असावे! त्यांनी इथर वापरून कमी तापमानावर अर्क काढला आणि १९७१ मध्ये तो उंदरांच्या मलेरियावर पूर्ण उतरला. त्यातून आर्टेमिसिनिन आले आणि २०१५ मध्ये नोबेल.

सैन्य, निधी, घाई, ठरलेले उद्दिष्ट, सगळे त्या प्रकल्पापाशी होते. अडलेले गाडे हलले ते मात्र सोळाशे वर्षे कोणी ना कोणी नकलून जपलेल्या एका ओळीने. तो ग्रंथ सांभाळणाऱ्यांना 'तीन वर्षांत उपयोग काय' असे कोणी विचारले असते तर त्यांनी काय लिहून दिले असते?

दुसरे उदाहरण उलट दिशेचे, आणि मला तर त्याहून आवडते. किरगिझस्तानात इसिक-कुल सरोवराच्या परिसरात मध्ययुगीन दफनभूमी आहेत. १८८५ ते १८९२ या काळात तिथे उत्खनन झाले. थडग्यांवर सिरियाक लिपीत नावे आणि वर्षे कोरलेली. एका इतिहासकाराने, फिलिप स्लाविन यांनी, ती वर्षे मांडली तेव्हा दिसले की तारीख असलेल्या ४६७ दगडांपैकी ११८ फक्त १३३८ आणि १३३९ या दोन वर्षांतले आहेत. काहींवर मृत्यूचे कारणही आहे, 'साथ'. पण कसली साथ? दगड ते सांगत नाही. उत्खननातली हाडे सव्वाशेहून अधिक वर्षे सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात पडून होती. जनुकशास्त्रज्ञांनी सात जणांच्या दातांतून डीएनए काढला आणि तिघांत प्लेगचा जंतू सापडला. पुढे युरोपात पसरलेल्या काळ्या मृत्यूच्या, म्हणजे प्लेगच्या महासाथीच्या, जंतूचा तो पूर्वज निघाला. निबंध २०२२ मध्ये छापून आला.

यात कोणाचे संशोधन 'प्राधान्य'? दातांवरून जंतू कळला असता, पण शिलालेखाशिवाय तो नेमक्या कुठल्या वर्षीचा, हे कोण सांगणार? शिलालेखाने वर्ष सांगितले, पण साथ म्हणजे प्लेग की आणखी काही, हे तो कधीच सांगू शकला नसता. आणि ते खोके संग्रहालयाच्या ज्या कर्मचाऱ्यांनी दर साफसफाईत उचलून पुन्हा जागेवर ठेवले, त्यांच्या संग्रहाला तुमच्या दहा वर्षांच्या नियमाने बारा वेळा केराची टोपली मिळाली असती.

दुसरी हरकत तीन वर्षांच्या अटीला. १९६० च्या दशकात टॉमस ब्रॉक हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत, सत्तर अंशांच्या आसपासच्या पाण्यात, जीव कसे तगतात ते पाहत होते. १९६९ मध्ये त्यांनी एका जिवाणूचे वर्णन छापले, थर्मस ॲक्वाटिकस. १९८३ मध्ये कॅरी मुलिस यांना डीएनएच्या प्रती काढण्याची युक्ती, म्हणजे पीसीआर, सुचली, पण तिच्यात प्रत्येक फेरीला मिश्रण तापवावे लागे आणि प्रती काढणारे एन्झाइम मरून जाई, ते दर वेळी नव्याने घालावे लागे. या झऱ्यातल्या जिवाणूचे एन्झाइम उष्णतेला दाद देत नाही. त्याने पीसीआरचे काम सुकर झाले. कोविडच्या काळात नाकात काडी घालून ज्या आरटी-पीसीआर चाचण्या झाल्या त्या याच तंत्राच्या. ब्रॉक यांनी प्रस्तावात उपयोग म्हणून हे लिहिले असते तर तुमच्या समितीने त्यांना वेड्यात काढले असते, आणि त्यात तुमची चूकही नसती.

तुम्ही म्हणाल, बाई, लागलेल्या लॉटरीच्याच गोष्टी सांगता, वाया गेलेल्या तिकिटांचे काय? रास्त प्रश्न आहे. माझ्या रॅकवर असे शेकडो शोधप्रबंध आहेत जे लेखक आणि परीक्षक यांच्याखेरीज कोणी उघडलेले नाहीत, आणि त्यांतले बरेच तसेच राहतील. काही तर छापले गेले नसते तरी चालले असते. पैसा मर्यादित आहे हेही कळते. पण कुठले तिकीट लागणार हे मला सांगता येत नाही, तसे तुम्हालाही येत नाही. आणि ज्याला ते सांगता येत नाही त्याने सगळी तिकिटे एकाच मालिकेची घेऊ नयेत, इतकेच माझे म्हणणे आहे.

तिसरी हरकत गुणांच्या तक्त्याला. हा विषय माझ्या घरचा आहे, म्हणून जरा अधिकाराने बोलते. इम्पॅक्ट फॅक्टरची कल्पना युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये मांडली. पुढे तो आकडा कामी आला तो संदर्भसूचीत कोणती नियतकालिके घ्यावीत, ग्रंथालयाने कोणती वर्गणी भरावी हे ठरवायला. आमच्या धंद्यातली मोजपट्टी ती. माणसे मोजायला ती निघालीच नव्हती. तिच्यात आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा किती जणांनी उद्धृत केले तेवढेच मोजतात, आणि तेही नियतकालिकाचे, लेखकाचे नव्हे. ग्रेगोर मेंडेल यांचा वाटाण्याच्या रोपांवरचा निबंध १८६६ चा. त्याची किंमत जगाला कळली १९०० मध्ये. दोन वर्षांच्या खिडकीतून तो दिसलाच नसता.

स्पेनमधले फ्रान्सिस्को मोहिका मिठागरातल्या सूक्ष्मजीवांच्या डीएनएमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका क्रमामागे वर्षानुवर्षे लागले होते. त्याचा अर्थ लागला, जिवाणू विषाणूंपासून स्वतःचा बचाव करतात ती ही यंत्रणा. तो निबंध बड्या नियतकालिकांनी परत पाठवला. २००५ मध्ये तो एका कमी गाजावाजा असलेल्या नियतकालिकात आला. त्या क्रमाचे नाव क्रिस्पर, आणि जनुके हवी तशी बदलण्याचे तंत्र त्यावरूनच निघाले. आज हा शब्द शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. तुमच्या तक्त्यात मोहिकांना किती गुण पडले असते, हे कृपया एकदा करून पाहा. पीटर हिग्ज यांचेही. १९६४ मध्ये त्यांनी मांडलेला कण २०१२ मध्ये सापडला, २०१३ मध्ये नोबेल मिळाले, आणि तेव्हाच्या मुलाखतीत ते म्हणाले की आजच्या व्यवस्थेत पुरेसे निबंध नाहीत म्हणून आपल्याला नोकरीच मिळाली नसती.

२०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादकांनी आणि संशोधकांनी नेमके हेच सांगणारा जाहीरनामा तयार केला. नेमणूक, बढती, अनुदान यांसाठी इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नका. तो समितीच्या वाचनात आला असेलच.

संख्येला गुण दिले की काय होते ते मी रोज पाहते. एकाच प्रयोगाचे तीन तुकडे करून तीन निबंध. पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्यांची पत्रके. अलीकडे शीर्षकांत 'नावीन्यपूर्ण' हा शब्द इतका येतो की त्याचे सूचीकरण करताना मला जांभई येते.

चौथी हरकत 'केवळ वर्णनात्मक' या दोन शब्दांना. यातला 'केवळ' मला झोंबला. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात एक छोटी नोंद आली. लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना एक दुर्मिळ न्यूमोनिया झाला आहे, यापूर्वी सगळे धडधाकट होते. उपचार नाही, सिद्धान्त नाही, पाच रुग्णांचे वर्णन. वैद्यकीय नियतकालिकातली एड्सची ती पहिली नोंद.

आणि एक माझ्या डोळ्यांसमोरची. काही वर्षांपूर्वी साथरोगांवर काम करणारी एक संशोधक एका जुन्या रुग्णालयाच्या मृत्यूनोंदवह्या घेऊन आठवडाभर वाचनकक्षात बसली होती. एका वर्षी तापाने झालेले मृत्यू एकदम निम्म्यावर आले होते. ती हरखली होती, काहीतरी उपाय लागू पडला असणार. शेजारच्या टेबलावर इतिहासाचा एक पोरगा बसे, दिवसभर चष्मा कपाळावर. त्याने वही हातात घेतली, पाने पुढेमागे केली आणि म्हणाला, "ताई, इथे अक्षर बदललंय." खरेच, अमुक महिन्यापासून शाई वेगळी, वळण वेगळे. कारकून बदलला होता. आधीचा जवळपास प्रत्येकापुढे 'ताप' लिहून मोकळा होई. नवा 'हगवण', 'खोकला', 'अशक्तपणा' असे वेगवेगळे लिहू लागला. माणसे तितकीच मेली होती. तिने कपाळावर हात मारला, मग दोघे मिळून संध्याकाळपर्यंत सगळ्या वह्यांतले कारकून मोजत बसले. तिचा निबंध चुकण्यापासून बचावला. ती वैद्यकशास्त्राची, म्हणजे तुमच्या यादीत आहे. तो नाही.

वर्गीकरणशास्त्राबद्दल एवढेच सांगते की आमच्याकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघून बुरशी ओळखणारे एकच प्राध्यापक उरले आहेत. वैद्यकीय विभागाला रुग्णाच्या जखमेतली बुरशी ओळखता आली नाही की काचपट्टी त्यांच्याकडे येते. ते पुढच्या वर्षी निवृत्त होतात. त्यांच्या हाताखाली विद्यार्थी नाही, कारण विषयाला शिष्यवृत्ती नाही.

पाचवी हरकत निर्लेखनाच्या कलमाला. पक्ष्यांची अंडी गोळा करून कापसावर मांडणे हा एके काळी हौशी लोकांचा छंद होता, आणि तो बंद पडला हे उत्तमच झाले. पण प्रत्येक अंड्यावर तारीख आणि जागा लिहायची त्यांची सवय होती. ब्रिटनमध्ये बहिरी ससाण्याची अंडी घरट्यातच फुटू लागली तेव्हा डेरेक रॅटक्लिफ यांनी हे जुने संग्रह उघडून टरफलांची मापे आणि वजने घेतली. १९६७ मध्ये त्यांनी दाखवले की १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून टरफल एकदम पातळ झाले आहे. डीडीटी हे कीटकनाशक वापरात आले तोच हा काळ. जुनी अंडी नसती तर आजचे टरफल पातळ आहे हे कशाशी ताडून ठरवणार?

आणि १९८६ मध्ये डॉन स्वॉन्सन यांनी जे केले ते प्रयोगशाळेत पाऊल न टाकता केले. ते शिकागोत ग्रंथालयशास्त्र शिकवत. त्यांना दिसले की माशाच्या तेलाने रक्त पातळ वाहते असे सांगणारे निबंध एका कपाटात आहेत. थंडीत बोटे पांढरी पडतात त्या रेनो आजारात रक्त दाट असते असे सांगणारे निबंध दुसऱ्या कपाटात. दोन्हीकडचे लोक एकमेकांना वाचत नव्हते. स्वॉन्सन यांनी दोन्ही वाचले आणि तेलाचा उपयोग होईल असे लिहिले. १९८९ मध्ये छापलेल्या एका चाचणीत प्राथमिक स्वरूपाचा रेनो असलेल्या रुग्णांना खरोखर फायदा दिसला. दोन्ही कपाटे जागेवर होती म्हणून हे जमले. त्यांतले एक 'मागणी नाही' म्हणून आधीच रिकामे केले असते तर स्वॉन्सन यांनी तरी काय जोडले असते?

आमच्या मागण्या अशा आहेत. 'आमच्या' म्हणते, कारण निवेदनावर सहा विभागांतल्या लोकांच्या सह्या होत्या.

१. सर्व विभागांचे म्हणणे ऐकून घेईपर्यंत परिपत्रक स्थगित ठेवावे.

२. प्राधान्य क्षेत्रे ठेवायची तर ठेवा. पण निधीचा ठरावीक हिस्सा कुठल्याही यादीला न बांधता, त्या त्या विषयाच्या जाणकारांनी प्रस्ताव वाचून द्यावा. तो हिस्सा किती, हे दर वर्षी आधी जाहीर करावे.

३. इम्पॅक्ट फॅक्टर आणि निबंधांची संख्या तक्त्यातून काढावी. अर्जदाराने स्वतः निवडलेले मोजके काम समितीने वाचावे. वाचायला वेळ नसेल तर वाचक वाढवावेत.

४. 'तीन वर्षांतील उपयोग' या रकान्याऐवजी 'प्रश्न काय आहे आणि तो का सुटलेला नाही' असा रकाना ठेवावा.

५. कुठलाही खंड किंवा नमुना बाद करण्यापूर्वी इतर विद्याशाखांतील किमान दोघांची लेखी संमती घ्यावी. जागेवर बसून केलेले वाचन वापरात धरावे. ती नोंद ठेवायची पद्धत मी त्या चुकीनंतर लगेच सुरू केली आहे, वह्या तयार आहेत.

६. बुरशीच्या संग्रहासाठी प्राध्यापकांच्या निवृत्तीपूर्वी माणूस नेमावा, म्हणजे त्यांच्या हाताखाली एक वर्ष तरी मिळेल.

७. या पत्राला लेखी उत्तर द्यावे. फक्त पोच नको.

निर्लेखनाची पहिली यादी गेल्या सोमवारी माझ्याकडे आली. अकराशे चौदा नोंदी. शेवटच्या पानावर ग्रंथपालाच्या सहीसाठी जागा सोडली आहे आणि तिथे पेन्सिलने फुलीही करून ठेवली आहे, मला सापडावी म्हणून. नोंद क्रमांक ३०२ ते ३०९ या त्या मृत्यूनोंदवह्या आहेत. यादी उद्या सकाळी सही न करता आपल्या कार्यालयात परत येईल, सोबत या पत्राची प्रत.

आपली,
ग्रंथपाल, संदर्भ विभाग